स्मृतीची योग्यता

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटांत जें लेणें आहे, त्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या राणीचा म्हणून प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लेख कोरलेला आहे. कोणते यज्ञ झाले, दक्षिणा किती दिली, गाई किती, घोडे किती, यांचे आंकडे त्यांत मांडलेले आहेत. कित्येक अक्षरें झिजलीं, तरी सुमारें दोन सहस्र वर्षांपूर्वींचा तो हिशेब विद्वानांस आजहि वाचतां येतो. मनुष्यानें आपल्या मस्तकाबाहेर ठेवलेली ही एक स्मृति. हिच्या अगदीं उलट स्वभावाची दुसरी एक स्मृति आतां आमच्या घराघरांत येऊन राहिली आहे. ती सुमारें तेरा सेंटिमीटर लांबीच्या एका पातळ पट्टीवर काळ्या चिपांच्या रूपानें बसते, अब्जावधि अक्षरें एकाच वेळीं ध्यानांत धरते, आणि वीज गेली कीं सारें विसरते. बाजारांत हिला रॅम म्हणतात.

घरगृहस्थी करणाऱ्या माणसांस ह्या रॅमची चौकशी कशास हवी, असें कोणी विचारील. चौकशी अशासाठीं हवी कीं, मुलांचा बराच अभ्यास हल्लीं संगणकावर चालतो आणि तो संगणक मंदावला म्हणजे शेजारी, पुतणे, दुकानदार असे सर्व जण एका स्वरानें सांगतात, “रॅम वाढवा.” वाढवावयाची ती कोणती, हें मात्र थोड्यांसच सांगतां येतें. त्यांत २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे कारखानदारांचा ओढा वळला आणि रॅमचे भाव जगभर झपाट्यानें चढले. जी चूक पूर्वीं स्वस्तांत पडत असे, ती आतां महाग पडते. मध्यम स्थितीच्या कुटुंबास तर ती एखाद्या मुलाच्या पुस्तकांइतकी किंवा शुल्काइतकीहि पडावयाची. म्हणून, यंत्रशास्त्राचा आम्हांस अधिकार नसला तरी, जें आम्हीं जवळून पाहिलें व नंतर पडताळून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मेमरी हा एकच शब्द लोक दोन निरनिराळ्या वस्तूंस लावतात. आमच्या शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर एक असते पाटी आणि दुसरें असतें दप्तर. चित्रें, पत्रें, पुस्तकें जेथें कायमचीं राहतात, ती हार्ड डिस्क किंवा एसएसडी हें दप्तर होय. चालू गणित ज्यावर मांडावयाचें, ती रॅम ही पाटी होय. पाटी लहान असली तर मुलास अर्धें गणित पुसून उरलेलें मांडावें लागतें. पुसलेलें पुनः लागलें म्हणजे दप्तर उघडून शोधावें लागतें. संगणकहि हेंच करतो, आणि यंत्र मंदावलें अशी जी तक्रार आपण करतों, तिच्या मुळाशीं पुष्कळदां हीच पुसापुशी असते. ह्या पाटीचा आणखी एक गुण आमच्यासारख्या जुन्या मास्तरांस विशेष आवडण्याजोगा आहे. तिच्यावरील प्रत्येक अक्षर म्हणजे सूक्ष्म विद्युद्भार असतो. तो आपोआप झिरपून जातो, म्हणून दर चौसष्ट मिलिसेकंदांच्या आंत साऱ्या अक्षरांची एकदां उजळणी करावी लागते. उजळणी थांबली कीं पाठ विसरला. हा नियम आम्हीं वर्गांत चाळीस वर्षें सांगितला. तो सिलिकॉनलाहि लागू आहे, हें नंतर कळलें.

आतां प्रस्तुत हकीकत. आमची धाकटी भगिनी आंबेगांव तालुक्यांत घोडेगांवीं राहते. तिचे यजमान वारल्यावर घर तिनेंच सांभाळलें. तिची कन्या अवसरी खुर्द येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकते. घरांत २०१६ सालीं यजमानांनीं हौसेनें घेतलेला एक संगणक होता. त्यांत इंटेलच्या सहाव्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह ६५०० हा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅमची एक पट्टी. २०२३ च्या पावसाळ्यांत, मुलगी दुसऱ्या वर्षांत असतांना, अभ्यासाच्या आज्ञावली त्यावर चालेनाशा झाल्या. पुण्यास नोकरी करणाऱ्या तिच्या चुलतभावानें सद्भावनेनें एका विक्रेत्याकडून १६ जीबीची पट्टी आणून दिली. भाव आश्चर्य वाटावें इतका कमी होता. पट्टी खांचेंत नीट बसली. पण बटण दाबतांच पंखा फिरे, पडदा मात्र काळाच. मग तिघाचौघांनीं निर्णय दिला कीं मदरबोर्डच गेला.

आम्ही घोडेगांवीं गेलों तेव्हां भगिनीनें बँकेच्या ठेवीची पावती काढूनच ठेवली होती. ती म्हणाली, “दादा, हा आतां मोडींत घालावा नि नवा घ्यावा, असें सगळे म्हणतात. पंचेचाळीस हजार तरी लागतील. ठेव मोडली कीं भागेल. पण मग पुढच्या वर्षाचें शुल्क कोठून भरावें?” मुलगी कांहीं बोलली नाहीं. वडिलांच्या हातची वस्तु मोडींत जाणार याचें दुःख, कीं आपल्यापायीं ठेव मोडणार याचें, तें आम्हीं विचारलें नाहीं. आम्ही इतकेंच म्हणालों, “पोरी, यंत्रांतलें आम्हांस कळत नाहीं, पण लिहिलेलें वाचतां येतें. त्या पट्ट्यांवर काय लिहिलें आहे तें आधीं वाचूं.”

तर्कसंग्रह ज्यांनीं वाचला असेल त्यांस आठवत असेल कीं, पदांपासून वाक्यार्थाचा बोध होण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधि हीं तीन कारणें अन्नंभट्टांनीं सांगितलीं आहेत. गाय, घोडा, पुरुष, हत्ती असे शब्द नुसते ओळीनें उच्चारले तर अर्थ होत नाहीं, कारण एकास दुसऱ्याची आकांक्षा नाहीं. अग्नीनें शिंपतो म्हटलें तर शब्दांस एकमेकांची अपेक्षा आहे, पण अग्नीच्या ठायीं शिंपण्याची योग्यता नाहीं. आणि ‘गाय’ हा शब्द सकाळीं व ‘आण’ हा दुपारीं उच्चारला, तर संनिधि नाहीं म्हणून बोध नाहीं. त्या पावसाळी दुपारीं भाचीबरोबर आम्ही एकेक गोष्ट उलगडूं लागलों तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, रॅम, मदरबोर्ड आणि प्रोसेसर ह्या तीन पदांचें वाक्य होण्यासहि हींच तीन कारणें लागतात. म्हणून पुढील विवेचन आम्ही त्याच क्रमानें करतों.

आकांक्षा ती पहिली. संगणकास अधिक रॅमची खरोखर अपेक्षा आहे काय? हें अनुमानानें ठरवूं नये, पाहून ठरवावें. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर नांवाचें एक पान आहे. नेहमींचें काम चालू ठेवून त्यांतील मेमरीचा रकाना पाहावा. पाटी निम्मी रिकामी असूनहि यंत्र मंद असेल तर दोष दुसरीकडे आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घातल्यानें अशा वेळीं जितका लाभ होतो, तितका रॅम दुप्पट केल्यानेंहि होत नाहीं. भाचीनें जुनी पट्टी पुनः बसविली. पडदा उजळला, म्हणजे मदरबोर्ड जिवंत आहे हें तत्काळ सिद्ध झालें. मग तिनें अभ्यासाच्या आज्ञावली उघडल्या, तों ४ जीबीची पाटी कांठोकांठ भरली आणि डिस्कचा दिवा अखंड लुकलुकूं लागला. आकांक्षा खरी होती. त्याच पानावर मदरबोर्डवर पट्ट्यांच्या जागा किती व त्यांपैकीं भरलेल्या किती, हेंहि दिलेलें असतें. येथें जागा दोन, भरलेली एक.

दुसरी योग्यता, आणि सर्व घोटाळा येथेंच होतो. रॅमच्या पिढ्या आहेत. डीडीआर ३ ही २००७ च्या सुमारास, डीडीआर ४ ही २०१४ च्या सुमारास आणि डीडीआर ५ ही २०२१ च्या सुमारास बाजारांत आली. पट्टीच्या खालच्या कांठास सोनेरी संपर्कांची रांग असते. डीडीआर ३ मध्यें ते २४० असतात, डीडीआर ४ व डीडीआर ५ मध्यें २८८. त्या रांगेंत एक खांच असते आणि प्रत्येक पिढींत ती थोडी निराळ्या जागीं कापलेली असते. हें मुद्दाम केलेलें आहे, कारण पिढ्यांचा विजेचा दाबहि निराळा; डीडीआर ३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर ४ ला १.२ आणि डीडीआर ५ ला १.१ लागतो. एका पिढीची पट्टी दुसरीच्या घरांत शिरूंच नये, अशी ही योजना. शिरत नसेल तर जोर करूं नये. लॅपटॉपची पट्टी तर आंखूडच असते. ती मोठ्या संगणकास व मोठ्याची तिला चालत नाहीं. कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच डाख देऊन बसविलेली असते. तेथें पुढें वाढविण्याचा मार्ग उरत नाहीं, म्हणून असा लॅपटॉप घेतेवेळींच पुरेशी रॅम मागून घ्यावी.

परंतु पिढी ठरवितो कोण? पुष्कळांस वाटतें मदरबोर्ड. तें अर्धें खरें आहे. रॅमशीं बोलणारा जो कारभारी, तो पूर्वीं मदरबोर्डवरील एका स्वतंत्र चिपेंत राहत असे. एएमडी कंपनीनें २००३ सालीं आणि इंटेलनें २००८ सालीं आपल्या नव्या प्रोसेसरांत त्यास प्रोसेसरच्या पोटांतच नेऊन बसविलें. तेव्हांपासून कोणती भाषा समजते हें प्रोसेसर सांगतो आणि त्यांपैकीं कोणत्या भाषेची वाट बांधली आहे हें मदरबोर्ड सांगतो. दोघांचा होकार मिळाला पाहिजे. २०२१ मध्यें आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीस डीडीआर ४ व डीडीआर ५ ह्या दोन्ही कळतात. परंतु मदरबोर्डवर जागा सामान्यतः दोहोंपैकीं एकीचीच असते. एएमडीच्या २०२२ मधील रायझेन ७००० ह्या प्रोसेसरांस मात्र केवळ डीडीआर ५ कळते. तेथें घरांतील जुनी डीडीआर ४ ची पट्टी कितीहि चांगली असली तरी निरुपयोगी.

भाचीच्या यंत्राची गोष्ट ह्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरास डीडीआर ४ आणि कमी दाबावर चालणारी डीडीआर ३ एल, अशा दोन्ही कळतात. आणि एच ११० ह्या जातीचे मदरबोर्ड कांहीं एकीसाठीं, कांहीं दुसरीसाठीं बनलेले आहेत. म्हणजे ‘आमचा आय-फाइव्ह आहे’ एवढें दुकानांत सांगून भागत नाहीं. मदरबोर्डचें पूर्ण नांव पाहिजे; तें फलकावर ठळक छापलेलें असतें. भाचीनें विजेरी धरून तें वाचलें आणि कारखानदाराच्या संकेतस्थळावर ताडून पाहिलें. डीडीआर ४, दोन जागा, मर्यादा ३२ जीबी. ह्या मर्यादेकडेहि लक्ष द्यावें. मर्यादेपलीकडची पट्टी घेतली तर ती पैसे खाते, काम करीत नाहीं.

मग पुण्याहून आलेली पट्टी कां चालली नाहीं? तीहि डीडीआर ४ होती, तिची खांच जुळत होती, दाब तोच होता. आम्हीं चष्मा पुसून तिच्यावरील चिठ्ठी वाचली, आणि जुन्या पट्टीवरील चिठ्ठी शेजारीं धरली. दोहोंवर ‘पीसी ४’ हीं अक्षरें होतीं. मग वेगाचा आंकडा. मग एक आडवी रेघ. आणि रेघेनंतर जुनीवर इंग्रजी ‘यू’ तर नवीवर ‘आर’. बाकी सारें सारखें, भेद काय तो एका अक्षराचा. पाणिनीच्या व्याकरणांत धातूंस व प्रत्ययांस अनुबंध म्हणून कांहीं अक्षरें लावलेलीं असतात. तीं उच्चारांत येत नाहींत, पण शब्दाचें पुढें काय व्हावयाचें तें तींच ठरवितात. ज्यानें आयुष्य अनुबंध शिकविण्यांत घालविलें, त्यास असें अक्षर दिसल्यावर पुढें जाववत नाहीं. आम्ही म्हणालों, “ह्या ‘आर’ चा अर्थ शोध.”

तिनें शोधला, आणि थोड्या वेळानें म्हणाली, “मामा, ही रजिस्टर्ड रॅम आहे. मोठमोठ्या सर्व्हरांत घालतात ती. हिच्यांत मध्यें एक वेगळी चिप असते. हुकूम आधीं तिच्याकडे येतो, मग ती पुढें पोंचवते. आपल्या प्रोसेसरला तशी संवय नाहीं.” अर्थ उघड झाला. कचेऱ्यांतील सर्व्हर जुने झाले म्हणजे त्यांच्या पट्ट्या स्वस्त दरानें बाजारांत येतात. त्या दिसावयास तशाच, डीडीआर ४ मध्यें खांचहि तीच. घरगुती मदरबोर्डांत त्या बसतात, पण बोलत नाहींत. ‘यू’ म्हणजे अशी मध्यस्थ चिप नसलेली साधी पट्टी. घरच्या संगणकास हीच लागते. लॅपटॉपच्या आंखूड पट्टीवर त्या जागीं ‘एस’ असतो. आश्चर्यकारक स्वस्ताई दिसेल तेथें हें एक अक्षर अवश्य पाहावें. विक्रेत्यानें पट्टी परत घेण्याचें नाकारलें. तें नुकसान घरास सोसावें लागलें. परंतु जिवंत मदरबोर्ड मृत ठरवून जें मोठें नुकसान व्हावयाचें होतें, तें टळलें.

चिठ्ठीवरील वेगाच्या आंकड्याविषयींहि दोन शब्द. २४०० म्हणजे सेकंदास चोवीसशे दशलक्ष वेळां देवघेव. प्रत्येक खेपेस आठ बाइट. २४०० ला आठांनीं गुणलें कीं १९२००. म्हणून एकाच पट्टीस कोणी २४०० ची म्हणतो, कोणी १९२०० ची. दोन वस्तु नव्हेत, एकाच वस्तूचीं दोन नांवें. वेगवान पट्टी मंद यंत्रांत घातली तर सामान्यतः यंत्राच्या वेगानें चालते. भाचीच्या प्रोसेसरास डीडीआर ४ चा वेग २१३३ पर्यंतच ठाऊक. तेथें ३२०० ची पट्टी घेतली तरी ती २१३३ नेंच चालावयाची. अधिक वेगासाठीं अधिक पैसे देण्यापूर्वीं हा हिशेब करावा. आणि यंत्रास हें सारें कळतें कसें, असें कोणी विचारील, तर उत्तर मोठें गमतीचें आहे. प्रत्येक पट्टीवर एक बारीक चिप असते. संगणक सुरू होतांच ती आपली जात, आकार, वेग, दाब, सर्व निवेदन करते. मुंजीनंतर बटूस अभिवादन शिकवितात, त्यांत तो गोत्र, प्रवर, सूत्र, शाखा व नांव सांगून मग नमस्कार करतो. तसाच हा विधि. तो पटल्यावरच पुढील संभाषण.

तिसरें कारण संनिधि, म्हणजे विलंबावांचून एकत्र येणें. आमच्या भागांतील मंडळींस हें समजावून देण्यास दूर जावें लागत नाहीं. नारायणगांवापासून थोड्याच अंतरावर खोडद आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें उभारलेली जीएमआरटी ही प्रचंड दुर्बीण तेथें आहे. तिच्या ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागीं, सोळा तीन भुजांवर; टोंकाटोंकांचें अंतर सुमारें २५ किलोमीटर. राष्ट्रीय विज्ञानदिनीं, २८ फेब्रुवारीस, तेथें लोकांस प्रवेश मिळतो, आणि आम्हीं विद्यार्थ्यांस घेऊन त्या थाळ्यांच्या छायेंत पुष्कळ वेळां उभे राहून पाहिलें आहे.

एकाच ताऱ्याचा संदेश ह्या तीस थाळ्यांवर एकाच क्षणीं पडत नाहीं. तारा तिरपा असला तर एकीवर आधीं, दुसरीवर नंतर पडतो. मग तो कांचेच्या तंतूंतून मध्यवर्ती इमारतींत येतो. कांचेंतून प्रकाशास एका किलोमीटरास सुमारें पांच मायक्रोसेकंद लागतात, म्हणून दूरच्या थाळीचा संदेश आणखी मागें पडतो. सर्वांचें वाक्य एक व्हावयाचें तर लवकर आलेल्यास थोपवून धरलें पाहिजे. हें थोपविण्याचें काम स्मृति करते. जवळचा संदेश तिच्यांत क्षणाच्या सूक्ष्म अंशापुरता वाट पाहतो, दूरचा येऊन मिळतो, मग दोघांचा गुणाकार होतो. २०१० सालीं तेथील शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें सर्व काम बाजारांत मिळणाऱ्या सामान्य संगणकांच्या समूहाकडून प्रत्यक्ष वेळीं करून घेण्याची पद्धति वर्णिलेली आहे. संगणकाच्या अशाच पाटीवर खोडदला आकाशाचा हिशेब मांडला गेला. २०२० सालीं आयईईई ह्या जागतिक अभियंता-संस्थेनें जीएमआरटीस मैलाच्या दगडाचा मान दिला, याचा आम्हां जुन्नरकरांस अभिमान आहे.

हाच नियम मदरबोर्डवर वीतभर अंतरांत पाळावा लागतो. प्रोसेसर व रॅम यांमध्यें एका वेळीं चौसष्ट तारांवरून चौसष्ट चिन्हें धांवतात. तीं बरोबर पोंचलीं पाहिजेत. जेथें वाट जवळची पडते तेथें तांब्याची रेघ मुद्दाम नागमोडी वळवून तिची लांबी वाढवितात. भाचीनें विजेरीच्या उजेडांत त्या रेघा दाखविल्या तेव्हां आम्हांस माळशेजच्या रस्त्याचीं वळणें आठवलीं. भेद इतकाच कीं घाटांतील वळण चढ सोपा व्हावा म्हणून, आणि हें वळण जवळच्यानें दूरच्यासाठीं थांबावें म्हणून. संनिधीचा दुसरा व्यावहारिक अर्थ असा कीं, समान आकाराच्या दोन पट्ट्या जोडीनें बसविल्या तर यंत्र दोहोंशीं एकदम बोलतें आणि काम हलकें होतें. चार जागा असतील तर कोणत्या दोन भराव्या हें मदरबोर्डच्या पुस्तिकेंत असतें. बहुधा प्रोसेसरपासून दुसरी व चौथी. असमान पट्ट्याहि पुष्कळदां एकत्र चालतात, पण जोडी जमली तर उत्तम. मदरबोर्डचे कारखानदार स्वतः तपासलेल्या पट्ट्यांची यादी प्रसिद्ध करतात. तींत नांव सांपडलें तर शंकेस जागा उरत नाहीं.

भाचीनें मग दुसऱ्या दुकानांतून ‘यू’ अक्षराची ८ जीबीची एक साधी डीडीआर ४ पट्टी आणविली. बसवितांना तिनें वीज पूर्ण बंद केली, अंगांतील स्थिर विद्युत् जावी म्हणून पेटीच्या लोखंडास हात लावला, खांच पाहून पट्टी सरळ धरली आणि दोन्ही बाजूंच्या कड्या कट् आवाज करून मिटेपर्यंत समान दाब दिला. पडदा उजळला, रॅम १२ जीबी. भगिनी देवघरांतून पाहत होती. तिनें ठेवीची पावती उचलून पुनः कपाटांत ठेवली. त्या वर्षाचें शुल्क वेळेवर भरलें गेलें.

ह्यावरून रॅम हा सर्व रोगांवरील मात्रा आहे असा समज मात्र होऊं नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची मोफत देखभाल सामान्यतः बंद केली. त्या प्रोसेसरास विंडोज ११ चा अधिकृत आधार नाहीं, आणि पट्ट्या कितीहि वाढविल्या तरी तो मिळणार नव्हता. भाचीनें त्यावर उबुंटू घातलें. जुन्या यंत्रास मर्यादा असतात. त्या मर्यादा कोणत्या हें वाचून ठरवावें, लोकांच्या बोलण्यावरून ठरवूं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

तेव्हां वाचकांनीं पैसे बाहेर काढण्यापूर्वीं चार गोष्टी एका कागदावर लिहाव्या. पाटी खरोखर भरते काय. मदरबोर्डचें पूर्ण नांव व प्रोसेसरचा क्रमांक काय. त्या दोघांस मान्य अशी रॅमची पिढी, वेग व मर्यादा कोणती. आणि जुन्या पट्टीच्या चिठ्ठीवर रेघेनंतर कोणतें अक्षर आहे. हा कागद हातांत असला तर दुकानदारास फसवितां येत नाहीं आणि प्रामाणिक दुकानदारास मदत करणें सोपें जातें. आमच्या भाचीनें हा कागद संगणकाच्या पेटीच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेवला आहे. खालीं तारीख घातली आहे आणि त्याखालीं नव्या पट्टीचें वर्णन लिहिलें आहे. तिच्यानंतर जो कोणी ती पेटी उघडील, त्यास तें वाचतां येईल.